यूएस रेसिडेन्सी: सीके कधी द्यायची, रोटेशन कधी करायचं आणि लेटर्स कोणाकडे मागायची

तुझा प्रश्न थोडक्यात असा: विदर्भातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस, सध्या इंटर्नशिप चालू, ती एप्रिलमध्ये संपते, स्टेप १ (अमेरिकेच्या यूएसएमएलई ह्या लायसन्स परीक्षेचा पहिला टप्पा) पास आहे, इंटर्नल मेडिसिन करायचंय. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीला (पीजी ट्रेनिंगला) येत्या सप्टेंबरला अप्लाय करायचं की पुढच्या, स्टेप २ सीके (त्याच परीक्षेचा पुढचा, क्लिनिकल ज्ञानाचा टप्पा) आधी द्यायची की आधी अमेरिकेत रोटेशन (तिथल्या हॉस्पिटलात काही आठवड्यांचा अनुभव) करायचं, आणि लेटर्स म्हणजे शिफारसपत्रं एचओडी सरांकडून घेतली तर चालतील का. मी इकडे मिडवेस्टमधल्या एका टीचिंग हॉस्पिटलच्या मेडिसिन प्रोग्रॅममध्ये फॅकल्टी आहे, दरवर्षी सीझनला अ‍ॅप्लिकेशन्स वाचते, इंटरव्ह्यू घेते, आणि स्वतः महाराष्ट्रातूनच आयएमजी (अमेरिकेबाहेर शिकलेली डॉक्टर) म्हणून आलेय, त्यामुळे दोन्ही बाजू माहितीयेत. उत्तर लांब होणार आहे, सवडीने वाच.

बहुतेक मुलं परीक्षेची तारीख आधी पक्की करतात आणि लेटर्सचं "बघू नंतर" म्हणून ठेवून देतात. तू उलटं कर. परीक्षेची तारीख बऱ्यापैकी तुझ्या हातात असते, प्रोमेट्रिकला (परीक्षा घेणाऱ्या सेंटरला) स्लॉट पुढेमागे करता येतो. पण रोटेशन कुठल्या महिन्यात मिळणार, मुंबई कॉन्सुलेटमध्ये व्हिसाची तारीख कधी मिळणार आणि लेटर लिहिणारा अटेंडिंग (वरिष्ठ डॉक्टर) ते कधी अपलोड करणार हे तिन्ही दुसऱ्यांच्या हातात. म्हणून कॅलेंडर घेऊन आधी रोटेशनचे महिने टाक, मग सीके त्यांच्या अलीकडे बसव, आणि ते बसत नसेल तर सीझन बदल, सीके घाईत उरकू नकोस.

आता सगळं ज्या तारखेवरून उलटं मोजायचं ती तारीख. एरासमध्ये (रेसिडेन्सीच्या अर्जाचं ऑनलाइन पोर्टल) जूनपासून तुम्हाला अकाउंट उघडून माहिती भरता येते, सप्टेंबरच्या सुरुवातीपासून सबमिट करता येतं, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका ठरलेल्या दिवशी सकाळी सगळ्या प्रोग्रॅम्सना सगळी अ‍ॅप्लिकेशन्स एकदम दिसायला लागतात. २०२५ मध्ये तो दिवस २४ सप्टेंबर होता. त्याच्या आधी कधीही सबमिट केलंस तरी तारीख एकच दिसते, त्यामुळे पहिल्या दिवशी पहाटे उठून सबमिट करायची गरज नाही, पण त्या दिवशी सकाळी तुझी फाइल पूर्ण असली पाहिजे. इंटरव्ह्यू ऑक्टोबर ते जानेवारी, रँक लिस्ट (पसंतीक्रम) फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीला, मॅच (कोणाला कुठली जागा त्याचा निकाल) मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि रेसिडेन्सी सुरू १ जुलैच्या आसपास. म्हणजे सप्टेंबरपासून कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत नऊ-दहा महिने, आणि सप्टेंबरच्या आधीची तयारी वेगळी.

फाइल पूर्ण म्हणजे काय ते आमच्या बाजूने सांगते. एकेका प्रोग्रॅमला जागा असतात पंधरा-वीस-तीस, अ‍ॅप्लिकेशन्स येतात हजारोंनी. सगळी कोणीच वाचू शकत नाही, त्यामुळे आधी फिल्टर लागतो. स्टेप १ जानेवारी २०२२ पासून नुसती पास-फेल झाली, तेव्हापासून आकडा उरलाय एकच, सीकेचा. ज्याचा सीके स्कोअर त्या दिवशी फाइलमध्ये नाही तो बऱ्याच ठिकाणी फिल्टरमध्येच अडकतो, आणि नंतर ऑक्टोबरात स्कोअर आला तरी तोपर्यंत पहिल्या फेरीतली इंटरव्ह्यूची आमंत्रणं गेलेली असतात. परत कोणी जुन्या फाइली उघडून बघत बसत नाही, काही ठिकाणी बघतात पण त्या भरवशावर राहू नको. "रिझल्ट पेंडिंग असताना अप्लाय केलं तर चालेल का" याचं माझं उत्तर आयएमजीसाठी नाही असंच आहे.

सीकेचा रिझल्ट साधारण तीन-चार आठवड्यात येतो, बुधवारी लागतो, पण कधीकधी लांबतो, आणि यूएसएमएलईवाले स्वतः आठ आठवड्यांपर्यंत धरून चाला म्हणतात. म्हणून सप्टेंबरच्या सीझनसाठी सीके जुलैच्या पलीकडे नेऊ नये. आणि एक गोष्ट दरवर्षी कोणाची तरी राहते: नवीन स्कोअर आला की एरासमधून यूएसएमएलई ट्रान्सक्रिप्ट परत पाठवावं लागतं. आपोआप अपडेट होत नाही. स्कोअर उत्तम आणि प्रोग्रॅमकडे मात्र जुनं ट्रान्सक्रिप्ट, असं होऊ देऊ नको.

पण याच्यापेक्षा महत्त्वाचं हे की सीके पास झालास की परत देता येत नाही. पासिंग जुलै २०२५ पासून २१८ आहे. समजा तयारी नसताना तारीख गाठायची म्हणून बसलास आणि २२३ आले, तर तो २२३ कायमचा तुझ्याबरोबर राहणार, पुढच्या सगळ्या सीझन्सना तोच दिसणार. नापास झालास तर ते अ‍ॅटेम्प्ट पण ट्रान्सक्रिप्टवर दिसतं. म्हणून माझं मत पक्कं आहे, एनबीएमईच्या लागोपाठ दोन सेल्फ असेसमेंटमध्ये (सराव परीक्षांमध्ये) २४०च्या वर आल्याशिवाय बसायचं नाही, तारीख काहीही असो. एलिजिबिलिटी पिरियड (ज्या मुदतीत परीक्षा द्यायची तो काळ) तीन महिन्यांचा असतो, पैसे भरून एकदा वाढवता येतो. ते पैसे गेले तर जाऊ देत.

आता लेटर्स, कारण खरी गडबड इथे होते.

एरासमध्ये एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार लेटर्स लावता येतात. बहुतेक मेडिसिन प्रोग्रॅम तीन मागतात. यातली निदान दोन, जमलं तर तीन, अमेरिकेत मेडिसिनमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांची पाहिजेत, आणि शक्यतो मागच्या वर्षभरातली. इथे अनेकांचा समज असा की लिहिणारा जितका मोठा तितकं लेटर भारी, चेअरमन असला म्हणजे झालं. तसं नसतं. मी जेव्हा लेटर वाचते तेव्हा पहिला प्रश्न डोक्यात असतो की ह्या माणसाने ह्या मुलाला काम करताना खरंच बघितलंय का, किती दिवस, आणि कुठल्या जागी.

एक प्रकारचं लेटर असं असतं: मुलगा वेळेवर येत होता, मेहनती होता, स्वभाव चांगला, टीममध्ये मिसळून राहिला, तुमच्या प्रोग्रॅमला उपयोगी पडेल. चार ओळी, त्याही इतक्या गुळगुळीत की नाव बदललं तर कोणालाही लागू होतील. असं लेटर वाईट नसतं, पण त्याने काही होत नाही, मी पुढच्या पानावर जाते. दुसरं असं: पेशंटचं सोडियम १२२ आलं, टीम फ्लुइडची चर्चा करत होती, आणि ह्या मुलीने घरून आलेली औषधांची यादी परत तपासली, मुलाशी बोलून खात्री केली की दोन आठवड्यांपूर्वी थायझाइड सुरू झालं होतं, दुसऱ्या दिवशी राउंडला त्यावर पाच मिनिटं नेमकं बोलली, आणि जे माहिती नव्हतं ते माहिती नाही असं सरळ म्हणाली. हे वाचल्यावर ही मुलगी इंटर्न म्हणून कशी वागेल ते मला दिसतं. असं लेटर एखाद्या साध्या असिस्टंट प्रोफेसरचं असलं तरी मी ते इंटरव्ह्यूसाठी बाजूला काढते, इंटरव्ह्यूत त्याबद्दल विचारते सुद्धा.

म्हणजे लेटरची तयारी रोटेशनच्या पहिल्या दिवशी सुरू होते. आणि इथेच सीके आधी का ते कळेल. सीकेचा अभ्यास ताजा असला की राउंडला प्रश्न आला की पुढचं पाऊल सुचतं, असेसमेंट-प्लॅन बोलता येतो. सीके राहिलेली असली की मुलगा संध्याकाळी यूवर्ल्डचे सराव प्रश्न सोडवत बसतो, सकाळी अर्धवट झोपेत येतो, पेशंटबद्दल वाचायला वेळ नसतो, आणि अटेंडिंगला ते दिसतं. रोटेशनही जातं आणि सीकेही. दोन्ही एकत्र ओढायचा प्रयत्न करू नको, अगदी हुशार मुलं पण त्यात मागे पडलेली बघितलीयेत. शिवाय चांगली ठिकाणं आता रोटेशनलाच सीके स्कोअर विचारायला लागलीयेत.

रोटेशन कुठलं, हा वेगळा विषय, पण थोडं सांगते. इलेक्टिव्ह म्हणजे विद्यार्थी असताना केलेलं, हात लावून काम, हे सगळ्यात उत्तम. पदवी मिळाली की ते दार बंद होतं आणि उरतं ऑब्झर्व्हरशिप (नुसतं बघणं) किंवा एक्स्टर्नशिप (पदवीनंतर हात लावून काम). तुझी इंटर्नशिप चालू आहे, तर काही अमेरिकन हॉस्पिटल्स इंटर्नला विद्यार्थी धरतात कारण आपल्याकडे इंटर्नशिपशिवाय डिग्री मिळत नाही, काही मात्र फायनल पास म्हणजे ग्रॅज्युएट असंच मानतात. प्रत्येक ठिकाणी ईमेल करून लेखी उत्तर घे. कॉलेजची बाजू पण बघ, इंटर्नशिपमध्ये रजा मोजकीच असते आणि जास्त घेतली की एक्स्टेन्शन होतं, डीन ऑफिसची परवानगी आधी काढ. ज्युनियर मुलं हे वाचत असतील तर त्यांना सांगते, इलेक्टिव्हचं फायनल इयरच्या आधीपासूनच बघायला लागा, अर्ज सहा-आठ महिने आधी जातात.

ऑब्झर्व्हरशिपमध्ये पेशंटला हात लावता येत नाही, मग अटेंडिंग लिहिणार काय? बरंच काही, जर तू त्याला लिहायला काही दिलंस तर. आदल्या दिवशीच्या पेशंटवर एक पान वाचून ये, परवानगी घेऊन छोटं प्रेझेंटेशन कर, नोट कशी लिहिली असती ते स्वतःच्या वहीत लिहून (पेशंटचं नाव-नंबर न टाकता) दाखव आणि चुका विचार. कोपऱ्यात चुपचाप उभं राहणारी मुलं आपल्याकडची जास्त, कारण आपल्याला वॉर्डात वरिष्ठांसमोर न बोलण्याची सवय लागलेली असते. इथे गप्प राहिलं की इंटरेस्ट नाही असं समजतात. आणि पैसे देऊन मिळणाऱ्या प्रायव्हेट क्लिनिकच्या रोटेशन्सबद्दल, जमलं तर रेसिडेन्सी असलेलं टीचिंग हॉस्पिटल बघ. काही क्लिनिक्समधून एकाच डॉक्टरची लेटर्स वर्षानुवर्षं येतात, परिच्छेद तेच, नाव फक्त वेगळं, आणि आम्ही ती ओळखतो.

मागायचं कधी? रोटेशनच्या शेवटच्या आठवड्यात, समोरासमोर. त्याच्या आधी, दुसऱ्या आठवड्यात, फीडबॅक माग: "माझं काय कमी पडतंय?" जे सांगतील ते पुढच्या आठवड्यात करून दाखव. मग शेवटी विचारायचं ते असं की "इंटर्नल मेडिसिनसाठी तुम्ही मला स्ट्राँग लेटर देऊ शकाल का?" स्ट्राँग हा शब्द मुद्दाम वापरायचा. समोरचा थोडा अडखळला, "मी तुला फार थोडे दिवस बघितलं" असं म्हणाला, तर आभार मान आणि आग्रह करू नको. संकोचाने हो म्हणणाऱ्याचं लेटर थंड असतं आणि ते न आलेलंच बरं. हो म्हणाले तर त्याच दिवशी ईमेल: सीव्ही, पर्सनल स्टेटमेंटचा ड्राफ्ट, आणि त्यांच्याबरोबर बघितलेल्या दोन-तीन पेशंट्सची आठवण करून देणाऱ्या चार ओळी. बिझी माणूस महिन्याभराने लिहायला बसतो तेव्हा त्याला ह्याच ओळी कामाला येतात.

पुढची तांत्रिक बाजू: लेटर तुझ्या हातात येत नाही आणि यायलाही नको. एरासमध्ये तू लेखकाचं नाव टाकतोस, रिक्वेस्ट फॉर्म तयार होतो त्यावर लेटर आयडी असतो, तो फॉर्म लेखकाला पाठवायचा, ते किंवा त्यांची कोऑर्डिनेटर पोर्टलवर अपलोड करतात. लेटर बघण्याचा हक्क सोडतोय ह्यावर टिक कर, न केल्यास वाचणाऱ्याचा त्या लेटरवरचा विश्वास कमी होतो. हा फॉर्म त्या सीझनचं एरास जूनमध्ये उघडल्यावरच निघतो. मग मार्चमध्ये रोटेशन झालं तर काय? लेटर तेव्हाच लिहून घे, आठवण ताजी असताना, सही-तारखेसकट त्यांच्याकडे फाइलला राहू दे, आणि जूनमध्ये फक्त आयडी पाठव. कोऑर्डिनेटरशी चांगलं बोल, तिचं नाव लक्षात ठेव, कारण ऑगस्टमध्ये रिमाइंडर तिलाच जाणार आहे. दोन स्पेशालिटीला अप्लाय करणार असशील, म्हणजे मेडिसिन आणि न्यूरोलॉजी वगैरे, तर दोन वेगळे आयडी काढ, नाहीतर न्यूरोलॉजीचं कौतुक करणारं लेटर मेडिसिनला जातं.

लेखकाला तारीख देताना खरी डेडलाइन सांगू नको, ३१ ऑगस्ट सांग. तीन आठवड्यांची मोकळीक राहते. आणि एखादं लेटर लांबलंच तर त्यासाठी अ‍ॅप्लिकेशन अडवून ठेवू नको, तीन आलेली असतील तर सबमिट कर, रिकामी राहिलेली चौथी जागा नंतर भरता येते.

एचओडी सरांचं लेटर: एक चालेल, चौथं म्हणून, तेही सर तुला खरंच ओळखत असतील तर. त्यापेक्षा तुझ्या युनिटच्या असोसिएट प्रोफेसरने, ज्यांच्याबरोबर तू कॅज्युअल्टीच्या रात्री काढल्यास, लिहिलेलं जास्त बोलकं होईल. आमच्या इथल्या वाचणाऱ्यांना सरकारी हॉस्पिटलचा ओपीडी म्हणजे काय हे माहितीच नसतं. एका इंटर्नकडे किती बेड असतात, सर्पदंश आणि ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग किती बघितलंस, व्हेंटिलेटर नसताना काय केलंत, हे त्या लेटरमध्ये आलं तर ते अमेरिकन लेटर्सपेक्षा वेगळं काहीतरी सांगतं. पण "तूच लिहून आण, मी सही करतो" हा आपल्याकडचा रिवाज इथे चालवू नको. प्रामाणिकपणाचा मुद्दा तर आहेच, शिवाय विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेलं लेटर पर्सनल स्टेटमेंटच्या शेजारी ठेवलं की भाषा एकच दिसते. सर लिहायला तयार नसतील तर मुद्दे देऊन ये, आणि तरीही नाही जमलं तर ते लेटर सोडून दे.

कागदपत्रं पटकन सांगते. ट्रान्सक्रिप्ट, डीनचं एमएसपीई (कॉलेजातल्या कामगिरीचं पत्र), डिग्रीचं व्हेरिफिकेशन, यासाठी कॉलेज आणि नाशिकचं विद्यापीठ दोन्हीकडे चकरा होतात, आणि ईसीएफएमजी (आयएमजींना सर्टिफिकेट देणारी अमेरिकन संस्था) डिग्री थेट संस्थेकडून तपासून घेते, तिथे उत्तर कधी लवकर येतं कधी महिने लागतात. इंटर्नशिप संपली की त्याच आठवड्यात सुरू कर. स्टेप २ सीएस (पेशंट तपासण्याची प्रत्यक्ष परीक्षा) बंद झाल्यापासून त्याच्या जागी ईसीएफएमजीच्या पाथवेचा (क्लिनिकल कौशल्य दाखवायचा) अर्ज आणि ओईटी मेडिसिन (डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा) लागते, लिसनिंग-रीडिंग-स्पीकिंगला ३५० आणि रायटिंगला ३००, एकाच बैठकीत. रायटिंगला हलकं घेऊ नको, सराव न करता जाणारे तिथेच अडतात. ईसीएफएमजीचं सर्टिफिकेशन अप्लाय करताना झालेलंच पाहिजे असा नियम नाही, पण काही प्रोग्रॅम त्यावरही फिल्टर लावतात, आणि रँक लिस्टच्या डेडलाइनपर्यंत लागणाऱ्या परीक्षा पास नसल्या तर मॅचमधून बाहेर काढतात. सरकारी कॉलेजचा बाँड पण आहे तुझा, त्याचं काय करायचं ते घरच्यांशी आत्ताच बोलून ठेव.

स्टेप ३, म्हणजे यूएसएमएलईचा शेवटचा टप्पा, त्याबद्दल सगळे विचारतात. ती सर्टिफिकेशननंतरच देता येते, फक्त अमेरिकेत देता येते, दोन दिवसांची असते, आणि मुख्यतः एच-वन-बी व्हिसासाठी लागते. बहुतेक आयएमजी जे-वन व्हिसावर येतात, त्याला ती लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर्सची फी जाहीर झाल्यावर तर फक्त व्हिसासाठी म्हणून स्टेप ३ ची घाई करणं मला पटत नाही. सीके जरा कमी आलेली असेल तर मात्र चांगली स्टेप ३ मदत करते.

आता तुझं वेळापत्रक. येता सप्टेंबर धरला तर: पीएचसीच्या पोस्टिंगमध्ये आणि नंतर मिळून अभ्यास, इंटर्नशिप एप्रिलमध्ये संपणार, सीके मेच्या शेवटी, ओईटी जूनमध्ये, रोटेशन्स जून मध्य ते ऑगस्ट मध्य, लेटर्स ऑगस्टअखेर. कागदावर बसतं. पण यात व्हिसाची तारीख वेळेत मिळाली पाहिजे, रोटेशन्सची कन्फर्मेशन आत्ता ह्या महिन्यात हातात पाहिजेत, आणि एनबीएमई एप्रिलपर्यंत २३० च्या पुढे गेलेली पाहिजे. ह्या तिन्हींतली एक जरी नसेल तर पुढचा सप्टेंबर घे.

पुढचा सप्टेंबर घेणं म्हणजे वर्ष वाया असं घरी वाटेल, पण एकाच वर्षाची गॅप इथे कोणी मनावर घेत नाही, तुझं ग्रॅज्युएशन ताजंच असतं. अमेरिकन नागरिक नसलेल्या आयएमजींपैकी २०२३ ते २०२५ मध्ये साधारण ५८ ते ५९ टक्के मॅच झाले, म्हणजे दहातले चार रिकाम्या हाताने परत गेले, आणि दुसऱ्यांदा अप्लाय करताना प्रश्न येतो की पहिल्यांदा का नाही झालं. अर्धवट फाइल घेऊन पैसे घालवण्यापेक्षा (पहिले तीस प्रोग्रॅम प्रत्येकी अकरा डॉलर्सला, पुढचे प्रत्येकी तीसला, शंभर-दीडशे केले की हिशोब कर) एकदाच भरीव फाइल घेऊन ये. त्या वर्षात बाँड किंवा मेडिकल ऑफिसरची नोकरी कर, क्लिनिकपासून पूर्ण लांब राहू नको, सीके डिसेंबरच्या आत संपव, व्हिसा जानेवारीत, आणि रोटेशन्स मार्च ते जून वेगवेगळ्या दोन-तीन ठिकाणी, म्हणजे जूनमध्ये एरास उघडेल तेव्हा लिहिणारे तुला विसरलेले नसतील. मेडिसिनला सिग्नल्स (ह्या प्रोग्रॅममध्ये खास रस आहे असं कळवायच्या खुणा) पंधरा असतात, तीन गोल्ड बारा सिल्व्हर, त्यातले काही जिथे रोटेशन केलंस तिथेच दे.

एप्रिलपर्यंत एनबीएमईचे आकडे काय येतात ते कळव, त्यावरून कुठला सप्टेंबर ते सांगते.